एकस्वित शोध : शस्त्रक्रिया, बांधकाम व उद्योग

नवीन वस्तू, यंत्र, पदार्थ किंवा निर्मितिप्रक्रिया शोधून काढणाऱ्यास तिचे उत्पादन, वापर व विक्री करण्यापासून इतरांना ठराविक मुदतीपर्यंत रोखण्याचा जो हक्क शासन देते, त्यास एकस्व किंवा पेटंट म्हणतात व असा हक्क मिळालेल्या शोधास एकस्वित शोध म्हणतात. या हक्काच्या मोबदल्यात शोधकाने आपला शोध लेखी व तपशीलवार उघड करावयाचा असतो. त्या विषयातील जाणकारास केवळ त्या वर्णनाच्या आधारे शोध प्रत्यक्षात आणता आला पाहिजे, अशी अट असते. मुदत संपली की शोध सर्वांसाठी खुला होतो. एकस्व हा अशा रीतीने शोधक व समाज यांच्यातील एक करार असून गुप्तता सोडण्याचे मोल म्हणून मर्यादित काळाची मक्तेदारी दिली जाते. शोध नवीन असणे, जाणकारास सहज सुचण्याजोगा नसणे व उद्योगात वापरता येण्याजोगा असणे, या एकस्वासाठीच्या तीन प्रमुख कसोट्या होत. एकस्व मिळाले म्हणजे वस्तूच्या सुरक्षिततेची वा उपयुक्ततेची हमी मिळाली, असे मात्र नव्हे.

प्रस्तुत नोंदीत शस्त्रक्रिया, बांधकाम व उद्योग या तीन क्षेत्रांतील काही एकस्वित शोधांचा विचार केला आहे. ही क्षेत्रे वरवर परस्परांपासून दूरची वाटली, तरी एकच पदार्थ तिन्ही क्षेत्रांत उपयोगी पडल्याची अनेक उदाहरणे आहेत. शोधाचे श्रेय, त्याचा मोबदला व त्याचा लोकांना होणारा लाभ यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्नही तिन्ही क्षेत्रांना समान आहे.

इतिहास : उपलब्ध माहितीप्रमाणे आरंभीच्या एकस्वांपैकी एक बांधकामाशीच निगडित होते. फ्लॉरेन्स येथील कॅथीड्रलच्या घुमटाचा शिल्पकार फिलिप्पो ब्रूनेल्लेस्की यास आर्नो नदीतून संगमरवर वाहून आणण्याच्या खास नौकेसाठी १४२१ मध्ये तीन वर्षांचा अनन्य हक्क देण्यात आला. व्हेनिसने १४७४ मध्ये शोधकांना दहा वर्षांचे संरक्षण देणारा कायदा केला. इंग्लंडमध्ये १६२४ च्या कायद्याने राजाने दिलेल्या मक्तेदाऱ्या रद्द करण्यात आल्या. मात्र नवीन शोधांसाठी १४ वर्षांपर्यंतच्या हक्काचा अपवाद ठेवण्यात आला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पहिला एकस्व कायदा १७९० मध्ये झाला.

एकस्व नसते तर काय घडते, याचे बोलके उदाहरण शल्यचिकित्सेच्या इतिहासात आढळते. इंग्लंडमधील चेंबरलेन घराण्यातील वैद्यांनी अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारा प्रसूतिचिमटा तयार केला. परंतु तो घराण्याचे गुपित म्हणून शंभराहून अधिक वर्षे लपवून ठेवला. त्या काळात हे उपकरण माहीत नसलेल्या इतर वैद्यांच्या हातून किती माता व अर्भके दगावली असतील, याची गणती नाही. शोध उघड करण्याची अट ही एकस्वपद्धतीची सर्वांत मोठी देणगी का मानली जाते, हे यावरून स्पष्ट होते.

शस्त्रक्रिया : शुद्धिहारक म्हणून ईथराचा वापर ही शस्त्रक्रियेच्या इतिहासातील युगप्रवर्तक घटना होय. बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णास ईथर हुंगविले व जॉन कॉलिन्स वॉरेन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. मॉर्टन व चार्ल्स जॅक्सन यांनी १२ नोव्हेंबर १८४६ रोजी या पद्धतीचे एकस्व मिळविले. मॉर्टन याने ईथरात रंग व सुवास मिसळून ते ‘लेथिऑन’ या नावाने पुढे आणले होते. परंतु द्रव्य कोणते हे उघड केल्याशिवाय पुढील वापर करू नये, अशी भूमिका रुग्णालयातील डॉक्टरांनी घेतली. ते ईथरच आहे हे कळताच एकस्वाचा पायाच डळमळीत झाला, कारण ईथर पूर्वीपासून ज्ञात व बाजारात सहज मिळणारे होते. परवाना न घेताच त्याचा वापर सर्वत्र पसरला. जॉर्जिया संस्थानातील क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ मध्येच ईथर देऊन शस्त्रक्रिया केली होती. तथापि त्यांनी ती हकिकत १८४९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे श्रेयाचा वाद चिघळला व १८६२ मध्ये न्यूयॉर्क येथील न्यायालयाने मॉर्टन याचे एकस्व अवैध ठरविले. ज्ञात पदार्थाचा शरीरावर होणारा नैसर्गिक परिणाम लक्षात येणे ही मोठी गोष्ट असली, तरी ते एकस्वयोग्य नाही, असा या निर्णयाचा आशय होता.

शस्त्रक्रियेच्या उपकरणांची स्थिती वेगळी आहे. टॉमस फोगर्टी यांनी रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी काढण्यासाठी टोकास फुगा असलेला कॅथेटर तयार केला. पूर्वी यासाठी रोहिणी दीर्घ लांबीपर्यंत उघडावी लागे व पुष्कळदा रुग्णाचा पाय, प्रसंगी प्राणही, गमवावा लागे. फोगर्टी यांच्या पद्धतीत लहानशा छेदातून कॅथेटर गुठळीपलीकडे सरकवितात, फुगा फुगवितात व बाहेर ओढताना गुठळी त्याबरोबर निघून येते. १९६१ मध्ये रुग्णावर प्रथम वापरलेल्या या साधनाचे एकस्व १९६९ मध्ये मिळाले. अशी उपकरणे निर्दोष व एकसारखी तयार करण्यास कारखानदाराला बराच खर्च येतो. प्रतिस्पर्ध्यांपासून काही काळ संरक्षण असल्याखेरीज तो हा खर्च करण्यास सहसा धजत नाही.

एकस्व न घेताही मोठा शोध प्रसार पावू शकतो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या आच्छादनातील ॲक्रिलिक प्लॅस्टिकाच्या ठिकऱ्या घुसत. त्या डोळ्यास फारशी इजा न करता तशाच राहतात, हे लंडन येथील नेत्रतज्ञ हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिक भिंग बसविले. या भिंगाचे एकस्व त्यांनी घेतले नाही. भारतात मदुराई येथील ऑरोलॅब ही संस्था १९९२ पासून अशी भिंगे अल्प किमतीत तयार करीत आहे.

बांधकाम : लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने २१ ऑक्टोबर १८२४ रोजी कृत्रिम दगड तयार करण्याच्या सुधारित रीतीचे एकस्व घेतले. हा पदार्थ पोर्टलंड बेटावरील इमारती दगडासारखा दिसतो म्हणून त्यास पोर्टलंड सिमेंट हे नाव त्याने दिले. एकस्वाच्या वर्णनात चुनखडक व चिकण माती यांचे प्रमाण वा भाजण्याचे तापमान आकड्यांत दिलेले नाही. आजच्या पोर्टलंड सिमेंटासाठी मिश्रण सु. १,४५०° से. पर्यंत तापवून अंशतः वितळवावे लागते, तेव्हाच क्लिंकर तयार होते. ॲस्पडिनच्या भट्टीत हे तापमान गाठले जात नसावे. पुढील सुमारे दोन दशकांत त्याचा मुलगा विल्यम व आयझॅक जॉन्सन यांनी यात सुधारणा केल्या. एकस्वातील नाव टिकले, परंतु त्यातील कृती मात्र बदलली.

प्रबलित काँक्रीटची कथाही अशीच उद्बोधक आहे. झोझेफ मॉन्ये या फ्रेंच माळ्याने लोखंडी जाळीवर सिमेंट थापून बागेसाठी कुंड्या व टाक्या केल्या व १८६७ मध्ये त्यांचे एकस्व घेतले. पुढे त्याने नळ, फलक, पूल व तुळया यांसाठीही एकस्वे मिळविली. काँक्रीट दाब चांगला सहन करते, पण ताणाखाली सहज तडकते; पोलाद ताण सहन करते. म्हणून ताण येणाऱ्या भागात पोलादी सळ्या घातल्या की दोहोंचे गुण एकत्र येतात. दोहोंचे उष्णतेने होणारे प्रसरण जवळजवळ सारखे असल्याने त्यांची पकड सुटत नाही. सळ्या नेमक्या कोठे घालाव्यात, याचे मॉन्येस पुरेसे आकलन नव्हते. जर्मनीत त्याच्या एकस्वाचे हक्क घेणाऱ्या जी. ए. व्हाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचण्या व गणित यांच्या आधारे ते निश्चित केले. फ्रान्स्वा एनबीक यांनी १८९२ च्या एकस्वावर परवानाधारक ठेकेदारांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभारले. मॉन्ये स्वतः मात्र १९०६ मध्ये निर्धन अवस्थेत मरण पावला. सळ्या आधीच ताणून काँक्रीटवर कायमचा दाब आणण्याच्या पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या पद्धतीचे एकस्व अझेन फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये घेतले. दीर्घ गाळ्यांचे पूल या पद्धतीमुळे कमी खर्चात बांधता येऊ लागले.

तिन्ही क्षेत्रांत वापरले जाणारे पदार्थ : (१) अगंज पोलाद : जर्मनीतील क्रुप कारखान्यातील संशोधकांनी १९१२ मध्ये क्रोमियम-निकेलयुक्त पोलादाच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांना बंदुकांच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना सु. १३% क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद मिळाले; अमेरिकेत त्यांना १९१६ मध्ये एकस्व मिळाले. क्रोमियमामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ व घट्ट थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा आपोआप तयार होतो, हे या गुणाचे कारण होय. सुऱ्या-काट्यांपासून रासायनिक कारखान्यांतील टाक्यांपर्यंत, तसेच न्यूयॉर्क येथील क्रायस्लर इमारतीच्या (१९३०) शिखरापासून मोडलेली हाडे जोडण्याच्या पट्ट्या व स्क्रू यांपर्यंत त्याचा उपयोग झाला.

(२) पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन : हा पदार्थ रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी वायूच्या नळकांड्यात अनपेक्षितपणे पांढऱ्या भुकटीच्या रूपात सापडला व त्याचे एकस्व १९४१ मध्ये मिळाले. टेफ्लॉन या व्यापारी नावाने तो परिचित आहे. रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये तापविलेला दांडा झटक्याने ताणून त्याचे सच्छिद्र रूप तयार केले. त्यापासून कृत्रिम रक्तवाहिन्या करता येऊ लागल्या. न्यूझीलंडमधील जॉन क्रॉपर यांनी असा पदार्थ ताणण्याचे यंत्र आधीच तयार केले होते, पण ते गुप्त ठेवले होते. तिसऱ्या व्यक्तीच्या गुप्त वापरामुळे उघड करणाऱ्याचे एकस्व बाद होत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. या पदार्थापासून रक्तवाहिनी करण्याच्या एकस्वासाठी डेव्हिड गोल्डफार्ब या शल्यचिकित्सकाने १९७४ मध्ये केलेला अर्ज मात्र तब्बल २००२ मध्ये मंजूर झाला. याच पदार्थाचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे छत जिद्दा येथील हज यात्रेकरूंच्या विमानतळास (१९८१) आहे.

(३) निटिनॉल : निकेल व टिटॅनियम यांची ही मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी शोधली. तिचे एकस्व १९६५ मध्ये मिळाले. वाकविल्यावर तापविली असता ती मूळ आकार पुन्हा धारण करते. विमानातील द्रवनळ्या जोडण्यासाठी तिचा प्रथम मोठा वापर झाला; नंतर दंतवैद्यकातील तारा व रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारे स्टेंट यांसाठी ती उपयोगात आली.

शस्त्रक्रियेच्या पद्धती व कायदा : उपकरण व पदार्थ यांना एकस्व देणे आणि शस्त्रक्रिया करण्याच्या पद्धतीस एकस्व देणे, यांत मूलभूत फरक आहे. पद्धतीस एकस्व दिल्यास रुग्णावर उपचार करताना शल्यचिकित्सकास परवानगीचा विचार करावा लागेल. अमेरिकेत मोतीबिंदूच्या टाक्याविना भरणाऱ्या छेदाचे एकस्व १९९२ मध्ये दिले गेले व एकस्वधारकाने दुसऱ्या शल्यचिकित्सकावर दावा लावला. वैद्यकीय व्यवसायातून तीव्र विरोध झाला व १९९६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अशा पद्धतीचा वापर करणाऱ्या डॉक्टरांना व रुग्णालयांना दाव्यापासून संरक्षण मिळाले. यूरोपीय एकस्व करारात (१९७३) शस्त्रक्रिया व उपचार यांच्या पद्धती आरंभापासूनच वगळलेल्या आहेत.

भारत : भारतातील पहिला एकस्वविषयक कायदा १८५६ चा होय. त्याखालील पहिला अर्ज कलकत्ता येथील जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी ३ मार्च १८५६ रोजी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला. ब्रिटिश राणीची पूर्वसंमती न घेतल्यामुळे हा कायदा १८५७ मध्ये रद्द होऊन १८५९ मध्ये नवा कायदा आला. १९११ च्या कायद्याखाली एकस्वे प्रामुख्याने परकीयांच्या हाती राहिली. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांच्यासारख्या संशोधकांनी छपाईचे टंक ओतण्याच्या यंत्रांचे आपले काम परदेशात राहून पुढे नेले.

स्वातंत्र्योत्तर काळात बक्षी टेकचंद व राजगोपाल अय्यंगार यांच्या समित्यांच्या अहवालांनंतर एकस्व अधिनियम, १९७० संमत झाला व २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याने सर्वसाधारण मुदत १४ वर्षे ठेवली. अन्न व औषधे यांच्या बाबतीत केवळ प्रक्रियेस व त्याही अल्प मुदतीचे संरक्षण दिले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १९९९, २००२ व २००५ मध्ये दुरुस्त्या होऊन मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे झाली व औषधांना उत्पाद-एकस्वही मिळू लागले. मानवावरील व प्राण्यांवरील शस्त्रक्रियेच्या व उपचाराच्या प्रक्रिया कलम ३ अन्वये शोध मानल्या जात नाहीत. मात्र उपकरणे एकस्वयोग्य आहेत. लोकहितासाठी सक्तीचा परवाना देण्याची तरतूदही कायद्यात आहे. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली कृत्रिम हृदयझडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली. सार्वजनिक संस्थेने संशोधन करावे व उत्पादन उद्योगाकडे सोपवावे, या मार्गाने आयात झडपांहून स्वस्त साधन रुग्णांस उपलब्ध होऊ शकले.

मूल्यमापन : वरील उदाहरणांवरून असे दिसते, की एकस्वामुळे ज्ञान उघड होते व उत्पादनास भांडवल मिळते, तथापि मूळ शोधकाला लाभ होईलच याची शाश्वती नसते. मॉर्टन व मॉन्ये या दोघांच्याही पदरी निराशाच आली. मक्तेदारीच्या काळात किंमत चढी राहिल्यास गरजू रुग्ण वंचित राहतात, आणि शोध अजिबात उघड न झाल्यास सर्वच वंचित राहतात. या दोन टोकांमधील समतोल मुदत, वगळलेले विषय व सक्तीचे परवाने यांच्या द्वारे साधण्याचा प्रयत्न प्रत्येक देशाचा कायदा आपापल्या परिस्थितीनुसार करीत असतो.