मातीचे मावळे

दिवाळी जवळ आली कीं महाड-पोलादपुराकडील आळ्याआळ्यांतून मुलें दगड-माती गोळा करूं लागतात. खरा रायगड महाडापासून पंधरा-सोळा मैलांवर उभा आहे, प्रतापगडाकडे जाणारा आंबेनळीचा घाट पोलादपुराहूनच चढतो, तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ त्याच तालुक्यांत आहे. तरीहि मुलांना अंगणांत स्वतःचा निराळा किल्ला हवा असतो, आणि तो असावाच. किल्ल्याविषयीं आजवर पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस आज लिहावयाचें आहे तें किल्ल्यावरील माणसांविषयीं. म्हणजे बाजारांत डझनाच्या भावानें मिळणाऱ्या, अगर घरीं करून रंगविलेल्या, दोन इंच उंचीच्या मावळ्यांविषयीं.

लहान माणसें रंगविण्याचा नाद हा केवळ पोरखेळ आहे असें कोणीं समजूं नये. मिसर देशांत अस्युत येथें मेसेहती नामक अधिकाऱ्याच्या थडग्यांत सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या लांकडी शिपायांच्या दोन तुकड्या सांपडल्या. एकींत ४० मिसरी भालाईत, दुसरींत ४० न्युबियन तिरंदाज, आणि सर्व रंगविलेले. चीनमध्यें शिआननजीक १९७४ सालीं सांपडलेले मातीचे सैनिक पुरुषभर उंचीचे. तेहि मूळचे रंगीतच होते, परंतु बाहेरची कोरडी हवा लागतांच खालचा लाखेचा थर आकसला व रंग गळून पडला. आपल्याकडील चतुरंग म्हणजे तरी पटावरचें सैन्यच नव्हे काय? पुढें प्रशियांत १८२४ सालीं राइसविट्स नांवाच्या अधिकाऱ्यानें युद्धाचा खेळ सैन्याच्या शिक्षणाकरितां सिद्ध केला, आणि १९१३ सालीं एच. जी. वेल्स ह्या कादंबरीकारानें 'लिट्ल् वॉर्स' हें पुस्तक लिहून अशा खेळास घरच्या फरशीवर आणून बसविलें. आजहि विलायतेंत चांगले प्रौढ गृहस्थ हिंवाळ्याच्या लांब रात्रीं बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवीत बसतात, आणि अमुक मुदतींत अमुक इतके पुरे करीन असा पण आपसांत लावतात.

आमच्या घरांत हा पण शिरला त्यास निराळें कारण झालें. २०२१ सालच्या जुलैंत सावित्रीच्या पुरानें महाडांत घरोघर गाळ भरला. आमच्या वडिलांच्या वेळेपासून जपलेलीं शाडूचीं माणसें एका लांकडी पेटींत होतीं. तीं पेटींतल्या पेटींत पुन्हां माती होऊन गेलीं. त्या वर्षीं आळींतील मुलांनीं त्याच गाळाचा किल्ला केला, पण त्यावर उभें करावयास कोणी नव्हतें. बाजारांतून आणलेल्या प्लास्टरच्या मावळ्यांचे चेहरे, फेटे, मिशा सर्व एकाच सांच्यांतील, आणि त्यांच्या शेजारीं कोणा मुलानें हिरव्या प्लास्टिकचे बंदूकधारी शिपाई ठेवलेले. तें पाहून आमच्या सौभाग्यवतींनींच प्रथम शाडू भिजविला.

गेल्या वर्षीं नातवंडांनीं पण लावला कीं, घटस्थापनेपासून धनत्रयोदशीपर्यंत ६० माणसें करून रंगवून झालीं पाहिजेत. विषय ठरला प्रतापगडाची भेट. सहामाही परीक्षा मध्यें येणार म्हणून सूनबाईंनीं कपाळास आठ्या घातल्या. अखेर दिव्यालागणीनंतर रोज एक तास, अधिक नाहीं, ह्या अटीवर संमति मिळाली.

रीत सोपी आहे, परंतु उतावळ्याची नाहीं. माणूस सावलींतच वाळवावा, उन्हांत ठेवल्यास गळ्याशीं तडा जातो. पूर्ण वाळल्यावर खडूच्या पुडींत डिंकाचें पाणी घालून त्याचा पातळ पांढरा हात द्यावा. त्यावांचून वरचा रंग माती पिऊन टाकते. मग आंतून बाहेर यावें: आधीं अंगाचा रंग, मग अंगरखा, मग शेला, मग पागोटें. हा क्रम आम्हीं सांगितला तेव्हां मुलांस पटला नाहीं, कारण सर्वांना पागोटेंच आधीं रंगवावयाचें होतें. एकेक माणूस पुरा करीत बसण्याऐवजीं दहांना एकदम ओळीनें उभे करून एकच रंग सर्वांस देत जावें. पहिला वाळेपर्यंत दहावा होतो. पुढची युक्ति धाकट्या नातीनें शोधली. काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून अंगरख्यावर सोडला कीं तो चुण्यांत आपोआप जाऊन बसतो, आणि वस्त्राला खरी घडी आल्यासारखी दिसते. डोळे मात्र शेवटीं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत ह्या कामास आखणी म्हणतात, आणि तें मुरलेल्या हाताकडेच सोंपवितात. आमच्याकडे तें सौभाग्यवतींकडे गेलें. रांगोळीची रेघ ज्या हाताला साधते त्याला डोळाहि साधतो.

प्रमाणाचा प्रश्न थोरल्या नातवानें काढला. साडेपांच फुटांचा माणूस दोन इंचांत बसवावयाचा म्हणजे प्रमाण एकास तेहतीस झालें. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें २,७०० फूट; त्याच प्रमाणानें अंगणांतला गड ब्याऐंशी फुटांचा व्हावयास पाहिजे! गणित बरोबर आलें आणि मुलें पोट धरधरून हंसलीं.

खरा वाद पुढेंच होता. खानाकडील माणसें रंगविण्याची वेळ आली तेव्हां नातू म्हणाला, "आजोबा, शत्रूवर चांगला रंग कशाला घालवायचा? सगळ्यांना सरसकट काळें फासूं, चेहरेहि वाईट काढूं." बाजारांतील पद्धतहि तीच आहे. आम्हीं कपाटांतून कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत' काढलें आणि १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीचा भाग मुलांस अर्थासह वाचून दाखविला. त्या संस्कृत काव्यांत दोन्ही पक्षांच्या अंगरक्षकांचीं नांवें आहेत. महाराजांच्या दहांत जिवा महाला, संभाजी कावजी, येसाजी कंक यांच्याबरोबर सिद्दी इब्राहीम आहे. आणि खानाच्या बाजूस सय्यद बंडा आहे तसे पिलाजी व शंकराजी हे मोहितेहि आहेत. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचा पंताजी गोपीनाथ; दोघेहि ब्राह्मण. मग काळें कोणास फासावयाचें?

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण ओळखायचें कसें, कोण कोणाकडचा?" प्रश्न रास्त होता. गणवेश ही पुढच्या काळांतील कवायती पलटणींची बाब. मावळा आपल्या घरचेंच वस्त्र अंगावर घालून येई. तेव्हां ठरलें कीं, रंगावरून नव्हे, जागेवरून ओळखावें. मध्यें शामियाना, गडाच्या अंगास महाराजांचीं माणसें, पार गांवाच्या अंगास खानाचीं. मात्र चेहरा प्रत्येकाचा निराळा, आणि नीट. सिद्दी इब्राहीमचा वर्ण मनासारखा साधेपर्यंत नातीनें तीन वेळां पुसून काढला.

अशा कामांत चुकीचें चित्र किती खोल रुजतें ह्याचें उदाहरण मोठ्यांतहि आहे. इब्राहीमखान नांवाच्या एका सरदाराचें चित्र शिवाजीमहाराजांचें म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षें भिंतींवर टांगलेलें होतें, वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं डच ग्रंथांतील अस्सल चित्र पुढें आणलें तेव्हां तें हटूं लागलें. मनुचीच्या संग्रहांतील अश्वारूढ महाराजांच्या चित्राची नक्कल आम्हीं मुलांपुढें ठेवली. बरोबरचे पायदळाचे लोक त्यांत स्पष्ट दिसतात. बाजारच्या मावळ्याशीं तें ताडून पाहण्यांत एक संध्याकाळ गेली, आणि त्या दिवशीं एकहि माणूस रंगला नाहीं.

धनत्रयोदशीस मोजलीं तीं ५७ भरलीं. तीन उरलीं तीं नरकचतुर्दशीस पहांटे, अभ्यंगस्नानाच्या आधीं, पणतीच्या उजेडांत पुरीं झालीं. पण जिंकला कीं हरला ह्यावर घरांत अद्याप दोन पक्ष आहेत. एका किल्लास्पर्धेचे परीक्षक आले, त्यांनीं वांकून पाहून विचारलें, "यांत शत्रू कोणते?" नातवानें बोट लावून एकेकाचें नांव, गांव व धनी सांगितला. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालें, परंतु परीक्षक पाऊण तास अंगणांत बसून राहिले, आणि चहा दोनदां झाला.

आतां माणसें जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून माळ्यावर ठेविलीं आहेत. पेटी खालीं ठेवावयाची नाहीं एवढें पुरानें शिकविलें. यंदांचा विषय १६७० चा सिंहगड. येथें नवा तंटा आहे तो घोरपडीचा. ती पोवाड्यांतली, १६९७ च्या सभासदाच्या बखरींत तिचा मागमूस नाहीं, तेथें मावळे वानरांप्रमाणें कडा चढतात. नातीनें मात्र घोरपड आधींच करून वाळत घातली आहे. ती कड्यावर, पण दोराशिवाय, ऊन खात बसलेली दाखवावी, एवढ्यावर तूर्त तडजोड झाली आहे.