मुक्या सोबत्याचे आजारपण

प्रास्ताविक

माणसाने माणसाळवलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत जुना सोबती होय. घराची राखण, शेतावरची आणि रानातली सोबत, मुलांचा खेळगडी अशा अनेक नात्यांनी तो माणसाशी बांधला गेला आहे. पाळीव कुत्र्यांना पूर्वीपेक्षा चांगला आहार, लसी आणि उपचार मिळू लागल्यामुळे त्यांचे आयुष्य वाढले आहे. परंतु वाढत्या वयाबरोबर येणारे आजारही त्यांच्या वाट्याला आले आहेत. कर्करोग हा त्यांपैकी एक प्रमुख आजार आहे. अशा आजारात पशुवैद्य उपचार करतात, पण रोजची शुश्रूषा आणि कठीण निर्णय घरातील माणसांनाच करावे लागतात. ते कसे करावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.

गाठ लक्षात येते तेव्हा

संत नामदेवांची एक कथा सर्वांच्या परिचयाची आहे. एका कुत्र्याने त्यांची भाकरी पळवली. नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल, ही त्यांची चिंता होती. कुत्र्याने काही मागितले नव्हते. त्याची गरज नामदेवांनी स्वतःच ओळखली होती. आजारी प्राण्याची शुश्रूषा करताना नेमके हेच करावे लागते. आपल्याला कोठे दुखते, किती दुखते, औषध सोसते की नाही, यांपैकी काहीही त्याला सांगता येत नाही. ते पाहणाऱ्याने ओळखायचे असते.

उदाहरणादाखल एका मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाची कल्पना करू. घरात आजी, आई-वडील, शाळकरी मुलगी आणि मोती नावाचा आठ वर्षांचा गावठी कुत्रा आहे. एके दिवशी मोतीच्या गळ्यात पट्टा बांधताना मुलीच्या बोटांना त्याच्या जबड्याखाली दोन टणक गाठी लागतात. मोती नेहमीसारखा खातो आहे, खेळतो आहे, गाठ दाबली तरी कुरकुरत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही विशेष नसेल,’ असे घरातल्यांना वाटते.

हीच समजूत अनेकदा घातक ठरते. लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कर्करोग कुत्र्यांमध्ये वारंवार आढळतो आणि त्यातील गाठी बहुधा दुखत नाहीत. जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे त्या हाताला लागतात. यांखेरीज न भरणारी जखम, कारणाशिवाय घटणारे वजन, सतत लंगडणे, नाकातून किंवा लघवीतून रक्त जाणे आणि मादीच्या स्तनातील गाठ ही लक्षणे दिसताच प्राण्याला पशुवैद्याकडे न्यावे. आठवड्यातून एकदा कुत्र्याच्या सर्वांगावरून सावकाश हात फिरवण्याची सवय ठेवली, तर असे बदल लवकर ध्यानात येतात.

निदान

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही लसिका ग्रंथी सुजतात. म्हणून पशुवैद्य बारीक सुईने गाठीतील पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आवश्यकता भासल्यास गाठीचा तुकडा काढून तपासणीस पाठवतात. रक्ताची तपासणी, क्ष-किरण चित्र आणि सोनोग्राफी यांवरून रोग शरीरात किती पसरला आहे, याचा अंदाज येतो.

निदान होण्यापूर्वी सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या देणे योग्य नाही. लिम्फोमाच्या गाठी या गोळ्यांनी काही काळ लहान होतात, त्यामुळे निदान अवघड होते आणि पुढील औषधांचा परिणामही कमी होण्याची शक्यता असते. त्याचप्रमाणे माणसांसाठी असलेल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांसारख्या नित्याच्या औषधांनीही त्याच्या जिवाला धोका पोहोचू शकतो.

निर्णय कोणासाठी?

मोतीला लिम्फोमा असल्याचे निष्पन्न होते. आजी विचारते, “डॉक्टर, हा किती दिवस काढेल?” पशुवैद्य म्हणतात, “आजी, दिवस नेमके किती, हे मला सांगता येणार नाही. ते दिवस त्याला कसे जातील, हे मात्र पुष्कळसे आपल्या हातात आहे.”

या उत्तरात प्राण्यांच्या कर्करोगोपचाराचे मुख्य सूत्र आले आहे. माणूस भविष्यातील आयुष्याच्या आशेने आजचे दुःख सोसतो, कारण त्याला त्याचा हेतू कळतो. कुत्र्याला केवळ आजचा दिवस कळतो. म्हणून कुत्र्यांना केमोथेरपीची औषधे माणसांच्या मानाने सौम्य प्रमाणात दिली जातात. रोगाची प्रत्येक पेशी नष्ट करण्यापेक्षा रोग आटोक्यात ठेवून प्राण्याला सुखाचे आयुष्य मिळावे, हा त्यामागील उद्देश असतो. यामुळेच बहुतेक कुत्र्यांना या उपचारांचा त्रास माणसांपेक्षा कमी होतो. त्यांचे केसही सहसा गळत नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींमध्ये मात्र ते गळू शकतात.

उपचार न केल्यास लिम्फोमा झालेला कुत्रा बहुधा एक-दोन महिन्यांपेक्षा अधिक जगत नाही. अनेक औषधांचा एकत्रित उपचार केल्यास बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि या रोगाच्या नेहमीच्या प्रकारात साधारणपणे वर्षभराचे चांगले आयुष्य मिळू शकते. परंतु हा उपचार चार ते सहा महिने चालतो, त्यासाठी वरचेवर दवाखान्यात जावे लागते आणि खर्चही मोठा असतो. ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्यासाठी केवळ वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार हा दुसरा मार्ग आहे. तो निवडणे म्हणजे प्राण्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे. कर्ज काढून उपचार केले तरच प्रेम खरे, असे मानण्याचे कारण नाही.

शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तुलनेने कमी खर्चात तज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. मुंबईतील परळ येथील महाविद्यालय १८८६ साली, तर चेन्नई येथील १९०३ साली सुरू झाले. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे; तिचा आरंभ १८८९ साली पुण्यात झाला होता.

दारातील सदाफुली

मोतीला दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे औषध आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. मूळची मादागास्करची ही वनस्पती अनेक देशांत मधुमेहावरील घरगुती औषध म्हणून वापरली जात असे. १९५० नंतरच्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतील संशोधक त्या दृष्टीने तिचा अभ्यास करत होते. रक्तातील साखरेऐवजी पांढऱ्या पेशी कमी होत असल्याचे त्यांना आढळले आणि त्यातून कर्करोगावरील दोन महत्त्वाची औषधे हाती आली. त्यांपैकी व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली.

भारतातील भटक्या कुत्र्यांमध्ये समागमातून आणि चाटण्यातून पसरणारा जननेंद्रियांचा एक कर्करोग आढळतो. त्यावर हे औषध विशेष गुणकारी आहे. आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शने दिली असता बहुसंख्य कुत्रे पूर्ण बरे होतात. हा रोग माणसाला होत नाही. तथापि सदाफुलीची पाने वाटून कुत्र्याला पाजणे हा उपचार नव्हे. ती वनस्पती विषारी आहे. औषध म्हणून वापरला जातो तो तिच्यातील शुद्ध केलेला, काटेकोर मापाचा अत्यल्प अंश.

घरातील शुश्रूषा

उपचारांचा खरा कस घरी लागतो. इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत उलटी, जुलाब किंवा अन्नावरची वासना उडणे असा त्रास होऊ शकतो. साधारण आठवड्याने रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. म्हणून घरात एक तापमापक केवळ कुत्र्यासाठी ठेवावा आणि गुदद्वारातून ताप मोजण्याची पद्धत पशुवैद्याकडून शिकून घ्यावी. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०३ अंशांच्या वर गेले आणि कुत्रा मलूल दिसला, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याशी संपर्क साधावा.

आहाराबाबत घाई आणि बळजबरी टाळावी. अन्न किंचित कोमट केले, तर त्याचा वास दरवळतो आणि भूक चाळवते. एकाच वेळी भरपूर वाढण्यापेक्षा थोडे थोडे, अनेकदा द्यावे. कच्चे मांस आणि कच्ची अंडी या काळात देऊ नयेत. घरातील उरलेली भाजी-आमटी प्रेमाने वाढली जाते; परंतु तिच्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतो. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही त्याला वर्ज्य आहे.

काही औषधांमुळे कुत्र्याला तहान फार लागते आणि वारंवार लघवी होते. अशा वेळी घरात लघवी केली म्हणून त्याला रागावू नये. पाणीही कमी करू नये. त्याला अधिक वेळा बाहेर न्यावे. लघवीत रक्त दिसल्यास तत्काळ कळवावे.

घरच्यांनी स्वतःचीही काळजी घेणे आवश्यक आहे. केमोथेरपीनंतर दोन-तीन दिवस कुत्र्याची लघवी, विष्ठा आणि उलटी यांत औषधाचा अंश असू शकतो. ती साफ करताना हातमोजे घालावेत आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांनी हे काम करू नये. कर्करोगाच्या गोळ्या कुटू अथवा तोडू नयेत. मात्र कुत्र्याला दूर बांधून ठेवण्याचे कारण नाही. त्याला कुरवाळणे, त्याच्याजवळ बसणे यात धोका नसतो आणि त्याला त्याचीच सर्वांत अधिक गरज असते.

बरे होणे म्हणजे काय?

काही कर्करोग शस्त्रक्रियेने पूर्ण बरे होतात. मादीच्या स्तनातील गाठ लहान असतानाच काढली, तर अनेकदा पुन्हा त्रास होत नाही. हाडाच्या कर्करोगात प्रसंगी पाय कापावा लागतो. ही कल्पना माणसाला असह्य वाटते. परंतु वेदनेचे मूळ गेल्यावर बहुतेक कुत्रे थोड्याच काळात तीन पायांवर चालू लागतात. शस्त्रक्रियेनंतर टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, जखम चाटू नये म्हणून गळ्याभोवती शंकूच्या आकाराची पट्टी बांधावी आणि उड्या मारू देऊ नयेत.

मोतीच्या बाबतीत मात्र ‘बरे होणे’ या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या गाठी विरतात आणि तो पुन्हा दारात उभा राहून मुलीच्या शाळेतून येण्याची वाट पाहू लागतो. ही रोगाची विश्रांती असते, शेवट नव्हे. लिम्फोमा बहुधा परततो. ही गोष्ट घरातील मोठ्यांनी स्वतःपासून आणि मुलांपासूनही लपवू नये. खरे ठाऊक असलेले मूल मिळालेले दिवस अधिक समजूतदारपणे जपते.

या काळात एक साधी नोंद उपयोगी पडते. दिनदर्शिकेवर रोज चांगल्या दिवसासाठी एक खूण आणि वाईट दिवसासाठी दुसरी खूण करावी. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी आजारी प्राण्याच्या जीवनमानाचे सात निकष मांडले आहेत: वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय, हा सातवा प्रश्न. मायेने पाहणाऱ्या डोळ्यांना रोजची घसरण दिसत नाही. नोंदीत ती दिसते.

वाईट दिवसांच्या खुणा वाढत गेल्या आणि औषधांनीही वेदना आवरेनाशी झाली, की दयामरणाचा विचार करावा लागतो. यात पशुवैद्य भूल देणारे औषध इंजेक्शनाने देतात आणि प्राण्याचा अंत वेदनेविना होतो. हा निर्णय घेणाऱ्यांना पुढे अनेक दिवस अपराधी वाटते. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आणखी एक आठवडा हवा आहे, तो मोतीला की आपल्याला? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने पाळलेल्या प्राण्याच्या सुस्थितीची आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याची जबाबदारी तो सांभाळणाऱ्यावर टाकली आहे. शेवटच्या दिवसापर्यंत ती जबाबदारी संपत नाही. शक्य असल्यास त्या वेळी घरातल्या कोणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवून जवळ बसावे. औषधाचे नाव त्याला कळत नाही, पण ओळखीचा हात कळतो.

स्वाध्याय

१. गाठ दुखत नसली तरी तिच्याकडे दुर्लक्ष का करू नये?
२. कुत्र्यांना केमोथेरपीची औषधे सौम्य प्रमाणात देण्यामागील उद्देश स्पष्ट करा.
३. ‘कर्ज काढून उपचार केले तरच प्रेम खरे, असे मानण्याचे कारण नाही.’ या विधानाविषयी तुमचे मत सकारण लिहा.
४. तुमच्या घरातील किंवा परिसरातील एखाद्या आजारी प्राण्याची काळजी कशी घेतली गेली, याविषयी दहा ओळी लिहा.