येडशीचं कोरडं रान आणि पाच वर्षांची पीएचडी

उष्ण कटिबंधातल्या जंगलात कीटकांवर संशोधन करायचं म्हटलं की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे ॲमेझॉन, पनामा, फार तर आंबोली उभी राहते. त्याला कारणही आहे. कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवरचे भुंगेरे मोजले आणि १९८२ साली उष्ण कटिबंधातल्या संधिपाद जातींचा (कीटक, कोळी वगैरे) आकडा तीन कोटींवर नेऊन ठेवला. तो आकडा पुढे बराच खाली आला, पण ओल्या जंगलांची ओढ टिकली. परिसंस्थांचे अभ्यासक डॅनियल जॅन्झेन यांनी मात्र १९८८ साली बजावलं, की उष्ण कटिबंधातलं सर्वांत धोक्यातलं मोठं जंगल कोरडं, पानझडी आहे. तसलं जंगल धाराशिव जिल्ह्यातही आहे. बालाघाटाच्या रांगेत, येडशीच्या रामलिंग घाटात, सुमारे २२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात. मराठवाड्यातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपला प्रश्न इथेच शोधावा, असं माझं ठाम मत आहे.

या रानातलं सगळं कोडं कोरडेपणात आहे. पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने किडे जातात कुठे? कुणी अंड्याच्या, कुणी कोशाच्या रूपात थांबतो, हुमणीचा भुंगेरा जमिनीखाली पहिल्या वळवाची वाट पाहतो. शेतकरी ‘मृगाचा किडा निघाला’ म्हणतो तो लाल मखमली जीव आठ पायांचा, म्हणजे कोळ्यांच्या गणगोतातला; पण निरीक्षण अचूक आहे. जमिनीतलं हे घड्याळ नक्की कशावर चालतं, ओलीवर की उष्णतेवर, हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. किडे पडायला सापळा म्हणून प्लॅस्टिकचा पेला जमिनीत पुरायचा, तळाशी साबणाचं पाणी, वर पावसापासून आडोसा. खरी मेख काठाशी आहे. काठ मातीच्या बरोबरीने हवा. बोटाच्या पेराएवढा जरी वर राहिला तरी मुंगी वळसा घालून जाते, आणि नोंदवहीत मुंग्या कमी असल्याचं खोटं चित्र उमटतं. डोंगरावरच्या मुरमात खड्डा घेताना हात सोलतात. खालच्या काळ्या मातीत भिजलं की फुगणं आणि वाळलं की भेगाळणं, त्यात पेला जागेवर राहत नाही. म्हणून पेले पुन्हा पुन्हा बसवावे लागतात. या कंटाळवाण्या कामावरच पुढचा प्रत्येक आलेख उभा राहतो.

एवढ्याशा रानातून काय कळणार, असा आक्षेप येईल. जिल्ह्याच्या एक टक्काही भूभागावर जंगल नाही, हे खरं. पण मुंगीला शे-दोनशे मीटर म्हणजे मुलूख, आणि आग्या माशी काही किलोमीटर सहज फिरते. रानाला चहूबाजूंनी तूर-सोयाबीन लागून आहे; रानातल्या माश्या त्या पिकांच्या किती उपयोगी पडतात, हाच इथला मोठा प्रश्न आहे. तूर स्वतःच्या परागावरही धरते, हेही मान्य. तरीही इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेने संकरित तूर उभी केली तेव्हा स्वतःचा पराग नसलेल्या नरवंध्य झाडांपर्यंत पराग पोचवायला माश्यांवरच भिस्त ठेवली. आग्या, फुलोरी, पानं कातरून घरटं करणाऱ्या एकट्या माश्या, यांतल्या किती रानातून तुरीवर येतात? घाटेअळीवरची फवारणी नेमकी फुलोऱ्यात होते, तेव्हा त्यांचं काय होतं? येडशीपासून एक, दोन, पाच किलोमीटरवरची शेतं निवडून हे तपासता येईल. नव्या जातीला नाव देण्याएवढंच हे काम मोलाचं आहे, आणि त्याचा उपयोग बांधावर होणार आहे.

पैशांची वाट आहे, जरी ती अरुंद असली. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये; शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गांना अधिछात्रवृत्ती देतात. अडचण ओळख पटवण्याची आहे. पेल्यात सापडलेल्या मुंगीचा वंश लागतो, जात लागत नाही. मग बाटल्या पुण्याला, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राकडे किंवा एखाद्या जाणकाराकडे न्याव्या लागतात, आणि असे जाणकार मोजकेच आहेत. त्याहून मोठी अडचण कॅलेंडरची. अभयारण्यात संशोधनासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती असायलाच हवी. बेलगाम गोळा करणाऱ्यांपासून हे रान वाचलं पाहिजे. पण अर्ज फेब्रुवारीत गेला आणि कागद ऑगस्टमध्ये हाती आला, तर मृग निघून गेलेला असतो. अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची, त्यात पहिलं वर्ष अभ्यासक्रमात आणि शेवटचं प्रबंध लिहिण्यात जातं. मधल्या तिनांतला एक मृग असा हुकला आणि एक दुष्काळात कोरडा गेला, की तुलनेला एकच पावसाळा उरतो.