यथाविधि आणि यथाशक्ति : नित्यकर्माच्या न्यूनतेविषयी पूर्वमीमांसेचा निर्णय

वेदाने सांगितलेले कर्म वेदाने सांगितले तसेच केले पाहिजे, याविषयी वैदिक परंपरेत दुमत नाही. दुमत उत्पन्न होते ते पुढच्या प्रश्नावर. तसे करणे ज्यास शक्य नाही त्याने काय करावे? अग्निहोत्र्याची गाय आटली, अथवा पुरोडाशासाठी लागणारे व्रीही दुष्काळात मिळेनासे झाले, तर न्यून राहिलेले कर्म हे कर्म ठरते, की ते न केल्यासारखेच होय? जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद मुख्यत्वेकरून याच विचारास वाहिलेला आहे.

प्रश्न जैमिनीच्याही पूर्वीचा आहे. शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडात जनक याज्ञवल्क्यास विचारतो की, दूध नसेल तर अग्निहोत्र कशाने कराल? याज्ञवल्क्य व्रीहियवांचे नाव घेतो. तेही नसतील तर? अन्य ओषधी; त्या नसतील तर रानातील ओषधी; मग वृक्षांपासून मिळेल ते; शेवटी पाणी. पाणीही नसेल तर काय, या अखेरच्या प्रश्नावर तो सांगतो की, त्या स्थितीतही होम होईलच. सत्याचा श्रद्धेत होम होईल. जनक संतुष्ट होऊन शंभर गाई देतो. द्रव्ये एकामागून एक गळत जातात, होम मात्र गळत नाही, ही या संवादातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. मीमांसकांनी हा आग्रह तर्काच्या चौकटीत बसविला.

पूर्वपक्ष असा : विधी हा सांग प्रधानाचा असतो. अंगे सोडून केलेले कर्म हे विहित कर्मच नव्हे. म्हणून ज्यास सर्व अंगे साधतात त्यालाच अधिकार. सिद्धान्त याच्या उलट आहे. अग्निहोत्र जिवंत असेपर्यंत करावयाचे असल्याने त्याचे निमित्त कर्त्याचे जीवित हे आहे. घरात दूध आहे की नाही हे पाहून जीवित थांबत नाही, आणि निमित्त उपस्थित झाले की कर्म प्राप्त होतेच. प्रयोजन प्रधानाने सिद्ध होते. अंगे त्याच्यासाठी आहेत. तेव्हा जेवढी साधतील तेवढ्या अंगांसह नित्यकर्म करावे. अंग राहिले म्हणून प्रधान सोडू नये.

काम्य कर्माला ही सवलत नाही. तेथे फळ सांग कर्मालाच जोडलेले असते, आणि फळाची इच्छा धरावयास कोणी भाग पाडलेले नसते. ज्यास सर्व अंगे शक्य नाहीत त्याने त्या कर्माच्या वाटेस जाऊ नये, एवढेच. गमतीची गोष्ट ही की, अग्निहोत्र नित्यही आहे व स्वर्गकामासाठी काम्यही आहे. तेच न्यून अग्निहोत्र नित्य म्हणून पूर्ण मानले जाईल, स्वर्गसाधन म्हणून मात्र निष्फळ ठरेल. ‘यथाशक्ति’ हा शब्द आज सरसकट वापरला जातो तेव्हा हा भेद बहुधा विसरला जातो.

परंतु यथाशक्ति म्हणजे यथेच्छ नव्हे. द्रव्य मिळत नसेल तर प्रतिनिधी घ्यावा, पण तो मूळ द्रव्याशी सदृश असावा. व्रीहींच्या जागी नीवार घेतात ते नवे द्रव्य म्हणून नव्हे, तर व्रीहींचे जे अवयव नीवारांत आढळतात त्यांसाठी. म्हणूनच मंत्रातील व्रीहींचा उल्लेख तसाच राहतो, त्यात ऊह होत नाही. नीवारही हाताशी राहिले नाहीत तर पुढचा शोध व्रीहींशी सदृश अशा धान्याचा करावयाचा, नीवारांशी सदृश अशाचा नव्हे. हा नियम नसता तर सादृश्याच्या साखळीने कोणतेही धान्य व्रीहींच्या जागी येऊन बसले असते. माष, वरक, कोद्रव ही यज्ञास निषिद्ध धान्ये कितीही सदृश असली तरी चालत नाहीत.

देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना मुळीच प्रतिनिधी नाही. व्रीहींचे कार्य दृष्ट आहे : त्यांचा पुरोडाश होतो, तो दुसऱ्या धान्याचाही होऊ शकतो. आहवनीय अग्नीचा किंवा मंत्राचा उपकार अदृष्ट असून तो केवळ शास्त्रावरून कळतो; दुसऱ्या अग्नीने तोच उपकार होतो असे म्हणावयास प्रमाण नाही. यजमानालाही प्रतिनिधी नाही. आहुती अध्वर्यूच्या हातून पडली तरी द्रव्याचा त्याग स्वामीचाच असतो. याला अपवाद सत्राचा; तेथे यजमान अनेक असल्याने मृत झालेल्याच्या जागी दुसरा घेता येतो.

महाराष्ट्रातील घरगुती पूजेत वस्त्राच्या, अलंकाराच्या जागी अक्षता वाहतात. संकल्पातही उपचारद्रव्ये ‘यथामिलित’ असल्याचे म्हटलेले असते. नित्य पूजेपुरता हा जैमिनीच्या पहिल्या निर्णयाचाच विस्तार होय. सादृश्याचा नियम मात्र येथे सुटलेला आहे, कारण तांदूळ आणि वस्त्र यांत कोणतेही अवयवसाम्य नाही. पूजेतील सुपारीचा गणपती हे उदाहरण कधीकधी देवतेच्या प्रतिनिधीचे म्हणून दिले जाते, ते चुकीचे आहे. सुपारी हे आवाहनाचे स्थान आहे. देवता बदललेली नसते.

अधिक अवघड प्रसंग केरळातील पांजाळ येथे एप्रिल १९७५ मध्ये झालेल्या अग्निचयनाचा. तेथे पशूंऐवजी केळीच्या पानात बांधलेले तांदळाच्या पिठाचे गोळे अर्पण करण्यात आले. बोकड मिळत नव्हते म्हणून हे झाले नाही. पशुवधास असलेल्या विरोधामुळे झाले. प्रतिनिधीचा अधिकरणविचार द्रव्याच्या अभावावर उभा आहे, द्रव्याविषयीच्या अनिच्छेवर नव्हे. पिष्टपशूचा पक्ष मध्वसंप्रदायाने पूर्वीच मांडलेला असल्याने या बदलास परंपरेत आधार नव्हता असे म्हणता येत नाही. परंतु तो आधार सहाव्या अध्यायातून काढता येणार नाही, आणि ज्यांस तो हवा असेल त्यांना तो अहिंसाविषयक वचनांच्या बलाबलातून सिद्ध करावा लागेल.