राजाची सही आणि एकपक्षाची सत्ता

मोहन्याच्या व्याख्यानमालेत इटलीच्या राजाचे काय काम, असे कोणी विचारील. आम्ही एवढेच सांगू की, कोकणातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी त्याच इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या राजवटीने इटलीला त्या युद्धात लोटले, तिचा उगम एका न झालेल्या सहीत आहे.

ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे काळे सदरेवाले रोमवर चालून आले. पंतप्रधान फाक्टा यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. परंतु राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने सही नाकारली आणि मुसोलिनीलाच पंतप्रधानपद दिले. त्या वेळी ५३५ जणांच्या प्रतिनिधिगृहात त्या पक्षाचे सभासद होते अवघे ३५! मग बहुमत आले कोठून? तेही कायद्यानेच निर्माण केले. सर्वांत अधिक मते, निदान एकचतुर्थांश, मिळविणाऱ्या पक्षाला दोनतृतीयांश जागा, असा कायदा १९२३ मध्ये झाला. १९२४ मध्ये विरोधी पुढारी मात्तेओत्ती यांचा खून झाला. विरोधकांनी सभागृह सोडले व राजाच्या तोंडाकडे पाहिले. राजा मौन राहिला. १९२६ मध्ये इतर पक्षांवर बंदी आली; १९२८ च्या कायद्याने मतदाराच्या हाती एकाच यादीला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे एवढेच उरले.

ध्यानात घ्या, १८४८ ची राज्यघटना या काळात रद्द झाली नव्हती. कार्यकारी सत्ता राजाचीच, हे तिचे कलम कायम होते. राजा सह्या करीत गेला. १९३८ च्या ज्यूविरोधी कायद्यांवरही त्याने सही केली. मोबदल्यात अबिसिनियाचे सम्राटपद आणि अल्बानियाचा मुकुट मिळाला.

पुढे युद्धात पराभव दिसू लागला. जुलै १९४३ मध्ये दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या. २५ जुलैच्या पहाटे पक्षाच्याच महामंडळाने १९ विरुद्ध ८ मतांनी मुसोलिनीविरुद्ध ठराव केला. त्याच दिवशी राजाने त्याला बडतर्फ करून अटक करविली. एकवीस वर्षांची सत्ता एका दुपारी कोसळली!

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. जो अधिकार १९४३ मध्ये होता, तो १९२४ मध्ये नव्हता काय? होता, तो वापरण्याचे धैर्य नव्हते. सप्टेंबरात शरणागती जाहीर होताच राजा रोम सोडून निघून गेला. जनता हे विसरली नाही. २ जून १९४६ च्या सार्वमतात सुमारे १ कोटी २७ लाखांनी प्रजासत्ताकाला व १ कोटी ७ लाखांनी राजसत्तेला मत दिले. राजघराण्याला देश सोडावा लागला.

तात्पर्य, घटना स्वतः उठून कोणाचा हात धरीत नाही. तो धरावा लागतो ज्याच्या सहीला किंमत असते त्याने, आणि वेळेवर. आज आपल्याकडे राजा नाही. ती सही आता मताच्या रूपाने आपल्या प्रत्येकाच्या हाती आली आहे.