वाळलेलं पान तोडू नका

लाकडी फळीवर बांधलेलं स्टॅगहॉर्न फर्न आता पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत सहज मिळतं. लोक हौसेनं आणून बाल्कनीत टांगतात आणि बुडाशी चिकटलेलं तपकिरी, वाळकं पान दिसलं की साफसफाई म्हणून ते काढून टाकतात. तिथेच घात होतो. ते पान म्हणजे त्या झाडाची कुंडी असते.

या फर्नला दोन तऱ्हेची पानं येतात. एक सांबराच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली, लोंबती. ज्यांच्यासाठी आपण ते विकत घेतो. दुसरी गोलसर, फळीला घट्ट लपेटून वाढणारी. त्यांना ढालपानं म्हणू. ढालपान कोवळं असताना हिरवंगार असतं, पुढे ते वाळतं, पण गळून पडत नाही. त्याच्यावर नवं ढालपान चढतं, त्यावर आणखी एक. या थरांच्या आड मुळं वाढतात, ओल टिकते, आणि रानात वरून पडलेला पालापाचोळा तिथेच कुजून खत होतो. उंच झाडाच्या खोडावर राहणारी ही वनस्पती आपली माती आपणच तयार करते. यजमान झाडाचा रस ती शोषत नाही, त्यामुळे तिला बांडगूळ म्हणणं अन्यायाचं आहे.

पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी ही युक्ती पाहिलेली आहे. जुन्या झाडांच्या खोडांवर वाढणारं बाशिंग, म्हणजे अश्वकात्री, याच कुळातलं. त्याचीही बुडाची पानं तपकिरी होऊन तशीच राहतात आणि पाचोळा धरून ठेवतात.

स्टॅगहॉर्नच्या प्लॅटिसेरियम या प्रजातीत साधारण 18 जाती आहेत. बहुतेक आफ्रिका, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या. दक्षिण अमेरिकेत एकच. आपल्याकडे मणिपूरच्या जंगलात प्लॅटिसेरियम वॉलिची आढळते. घरासाठी मात्र मूळची पूर्व ऑस्ट्रेलियाकडची बायफर्केटम ही जातच घ्यावी. ती चिवट आहे आणि नवशिक्याला सांभाळून घेते.

बांधताना फळीवर भिजवून पिळलेल्या स्फॅग्नम मॉसचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर द्यावा, त्यावर फर्न ठेवून तंगुसानं आवळावं. तांब्याची तार नको, तांबं फर्नला मानवत नाही. तंगूस ढालपानांवरूनच जाऊ द्यावा, मधल्या कोंबावरून नाही. नवं पान तिथूनच येतं. पुढे नवी ढालपानं त्याला झाकून टाकतात आणि फर्न स्वतःच फळी धरतं.

पाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवण्यात अर्थ नाही. फळी उचलून पाहावी. हलकी लागली की बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवावी, पूर्ण निथळू द्यावी, मग परत टांगावी. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ही पाळी लवकर येते. कोकणातल्या जुलैत, फळी पावसाच्या झडीत येत असेल, तर पाणी घालूच नये. शिंगपानं मलूल पडून टोकं करपली तर तहान समजावी. बुडाशी काळपट, मऊ डाग दिसले तर पाणी जास्त होतंय, आणि हा धोका मोठा आहे. तहानलेलं फर्न सावरतं, कुजलेला कोंब सावरत नाही. जागा भरपूर उजेडाची, वारा खेळता. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको.

आणखी दोन गोष्टींवर लोकांचा हात उगीच चालतो. शिंगपानांवर पांढुरकी लव असते. नीट पाहिलं तर ती बारीक चांदण्यांच्या आकाराच्या केसांची असते. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते पांघरूण आहे. धूळ समजून फडक्यानं पुसू नये. तसंच पानांच्या टोकांशी, खालच्या अंगाला, मखमलीसारखा तपकिरी पट्टा येतो. ती बुरशी नव्हे, बीजाणू आहेत. फर्न वयात आल्याची ती खूण. खवलेकीड वेगळी ओळखता येते: तिचे सुटे, फुगीर ठिपके कुठेही दिसतात आणि नखानं सुटून येतात.

बायफर्केटमला बाजूनं पिल्लं फुटतात. ढालपान आणि मुळांसकट कापून ती दुसऱ्या फळीवर लावता येतात. माझा कल मात्र ती तिथेच वाढू देण्याकडे आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या लॉर्ड हाव बेटावर याच जातीच्या वसाहतींचा अभ्यास झाला आणि 2021 मध्ये ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. वसाहतीत वरच्या बाजूची झाडं पाणी आत वळवतात, खालची ते शोषून धरतात, आणि काही झाडं बीजाणू धरतच नाहीत, असं त्यात दिसलं. मधमाश्यांच्या पोळ्यातल्यासारखी ही कामाची वाटणी वनस्पतींतही असू शकते, असं त्या संशोधकांनी मांडलं. एकाच फळीवर चार-पाच पिल्लं धरलेलं जुनं फर्न असेल तर ते सुटं करण्याआधी थोडं थांबावं. फळी अपुरी पडू लागली, तर फर्न न सोडवता ती तशीच मोठ्या फळीवर स्क्रूनं बसवता येते.