व्हीटी बांधणारा माणूस शिवडीत आहे

इंटरव्ह्यू म्हणा नाहीतर मामाचं घर म्हणा, तुळजापूरहून मुंबईला निघालं की मार्ग ठरलेला. एसटीने सोलापूर, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस आणि सकाळी डोळे चोळत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आपल्या तोंडातलं व्हीटी. बाहेर येऊन आपण मान वर करून तो घुमट बघतो. पण तो उभारणारा माणूस त्याच शहरात, शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे, हे किती जणांना माहीत असतं?

आधी या जागेची गोष्ट. इंग्रज मुंबईत आले तेव्हा त्यांची दफनभूमी किल्ल्याजवळ मेंडहॅम पॉइंटला होती. अठराव्या शतकात ती तिथून हलली आणि गिरगावाजवळ सोनापूरला गेली. मरणाचं नाव सरळ घेणं आपल्याला जड जातं, म्हणून मुंबईकर मसणवाटेलाच सोनापूर म्हणू लागले! पुढे वस्ती सोनापूरलाही येऊन भिडली. मग 1860 च्या दशकात पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड (क्रॉफर्ड मार्केटवाले) यांच्या काळात शिवडीची जागा घेतली गेली. तिथे पूर्वी झाडाफुलांची बाग होती. तेव्हा शिवडी गावाबाहेर होती, आज शहराच्या पोटात आहे. थोडक्यात काय, किल्ला, गिरगाव, शिवडी असे तीन ठिपके जोडले की मुंबई कशी वाढली त्याचा नकाशाच तयार होतो.

आता आपल्या लाइनचे दोन लोक. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स 1867 मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आला. व्हीटीचं काम 1878 ला सुरू झालं, त्याला दहा वर्षं लागली. महापालिकेची इमारतही त्याचीच. 1900 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, तो मलेरियाने गेला. दुसरा जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडिया त्याचं. 1924 मध्ये गेटवेचं उद्घाटन झालं आणि 1926 मध्ये विटेट आमांशाने गेला. वय 47. दोघेही शिवडीतच आहेत.

मलेरिया आणि आमांश! एक साचलेल्या पाण्यावरच्या डासांचा रोग, दुसरा घाण पाण्याचा. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये सिकंदराबादला शोधलं. सिकंदराबाद तसं आपलंच, कारण तेव्हा आपला जिल्हाही निजामाच्या राज्यातच होता. पण शोध लागला म्हणून गटार बांधून होत नाही. ते कुणीतरी बांधावं लागतं. ज्यांनी जगाला दाखवण्यासारख्या इमारती बांधल्या, त्यांचा जीव घेतला तो गटार आणि पाण्याने.

व्हीटीच्या कामात रावसाहेब सीताराम खंडेराव हे आपले मराठी इंजिनिअरही होते. दगड वाहणाऱ्या मजुरांची तर नावंही कुठे कोरलेली नाहीत. ताप त्यांनाही येतच असणार.

पुढच्या वेळी व्हीटीला उतरलात तर घुमट जरूर बघा. वेळ असेल तर हार्बर लाइनने शिवडीलाही जाऊन या. आणि परत आल्यावर होस्टेलच्या मागे पाणी साचलेलं दिसलं, तर 'ते माझं काम नाही' म्हणू नका. इंजिनिअरिंगची सुरुवात तिथूनच होते.